गरम भाकरी हवी असेल तर दोन फोन करा

अंबाजोगाईत योगेश्वरीच्या दर्शनाला येणारी मंडळी, सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेले नातेवाईक, मेडिकल कॉलेजची पोरं आणि परळी, केज, लातूरच्या रस्त्यावरून जाता-येता आमच्याकडे जेवायला वळणारे सगळे, यांच्यासाठी हे छापलं आहे. काउंटरवर आम्हाला रोज दोन तक्रारी ऐकाव्या लागतात. एक, "फोन करून आलो तरी भाकरीला अर्धा तास?" दुसरी, "वेळ सांगून आलो तरी भाकरी गार?" दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं कारण एकच आहे. फोन एकदाच येतो, आणि तोही चुकीच्या वेळी.

सकाळी आठला परळीहून फोन येतो, "बारा जणं आहोत, दुपारी येतो." दुपारी म्हणजे बारा की अडीच, ते कळत नाही. किंवा मग लोखंडी सावरगाव ओलांडल्यावर फोन येतो, "दहा मिनिटांत पोचतो, भाकरी टाकायला सांगा." पोचल्यावर गाडी आधी देवळाकडे जाते, दर्शनाला रांग असते, नारळ-ओटी होते, लेकरांना खेळणी घ्यायची असतात. दहा मिनिटांचा दीड तास होतो. यात पाहुण्यांचा दोष काढायचा नाही, देवाच्या दारी घाई कोण करणार. पण भाकरी तेवढा वेळ थांबत नाही.

का थांबत नाही ते सांगतो. गव्हाची कणीक सकाळी मळून ठेवली तरी दुपारी पोळी छान होते, कारण गव्हात ग्लुटेन असतं, त्याने कणकेला ताण येतो. ज्वारीत ते नाही. ज्वारीच्या पिठात कढत पाणी घातलं की त्यातला पिष्टाचा भाग थोडा शिजतो आणि तेवढ्याच चिकटपणावर भाकरी थापली जाते. म्हणून आमच्या मावशी काठवटीत एका वेळी एका भाकरीचंच पीठ घेतात. तळहाताने चांगलं रगडतात, गोळ्याखाली कोरडं पीठ भुरभुरून थापायला लागतात, आणि थापता थापता भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होत जाते. ती तव्यावर टाकली की लगेच ओल्या हाताने वरून पाणी फिरवायचं आणि ते पाणी आटत आलं की उलटायची. जरा उशीर झाला तर भेगा पडल्याच. दुसरी बाजू भाजली की तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर टेकवायची. मग ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. हा पापुद्रा सुटलेला असतानाच भाकरी ताटात पडली पाहिजे. फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली तर वीस-पंचवीस मिनिटं मऊ राहते. पुढे आतली वाफ तिच्यातच जिरते, पापुद्रा ओला होतो, आणि तासाभराने ती इतकी चिवट होते की दाताने ओढावी लागते. तशी भाकरी वाढायला आम्हालाच लाज वाटते.

आता हिशेब. आमच्याकडे दोन चुली आणि दोन मावशी आहेत. दोघींच्या हातून तासाला साठेक भाकरी होतात. पंधरा जणांना माणशी दोन म्हटल्या तरी तीस भाकरी, म्हणजे अर्धा तास. हा वेळ कमी करायला तिसरी चूल मांडता येईल, पण असा हात असलेली तिसरी बाई मिळत नाही. मशीनची भाकरी आम्ही करून पाहिली, ती ठेवायची नाही असं ठरवलं.

म्हणून दोन फोन. पहिला फोन आदल्या दिवशी किंवा सकाळी दहाच्या आत करा. त्यात दोनच गोष्टी सांगा: एकूण माणसं किती आणि त्यातली भाकरीवाली किती. "सगळ्यांना भाकरी" असं सांगून आल्यावर निम्मे जण चपाती मागतात, हे आमच्याकडे फार वेळा होतं. लहान लेकरं आणि दातांचा त्रास असलेले आजी-आजोबा आधीच मोजून घ्या. या फोनवर आम्ही भाजीचा आणि पिठाचा अंदाज बांधतो. दुसरा फोन दर्शन आटोपून देवळाबाहेर चपला घालताना करा. तुम्ही गाडीत बसून आमच्यापर्यंत येऊन हात धुईपर्यंत पहिल्या आठ-दहा भाकरी तयार असतात, बाकीच्या जेवण चालू असताना तव्यावरून थेट ताटात येतात. एकच फोन करणं जमणार असेल तर दुसरा करा. तुम्हाला थोडं थांबावं लागेल, पण भाकरी गरम मिळेल.

आणखी एक विनंती, बसल्यावर भाकरी एकेकाने एकेक करून मागू नका. टेबलावरच्या एकाने सगळ्यांच्या मिळून सांगाव्यात. मावशींची थापण्याची लय लागली की कामाला वेग येतो.

गावाची एक कथा यानिमित्ताने सांगावीशी वाटते, कारण पाहुण्यांपैकी पुष्कळांना ती माहीत नसते. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, कोकणातून वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. देवी इथेच राहिली आणि वऱ्हाडी दगडाचे झाले, असं सांगतात. हत्तीखान्याच्या लेण्यांत गेलात की ती कथा तिथेच आठवते. कोकणातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवी आहे, आणि इतक्या लांबून आलेल्या माणसाला गार भाकरी वाढावी लागू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पंधराच्या वर माणसं असतील तर आम्ही इसार घेतो. यावर काही जण नाराज होतात. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या नवरात्रात बावीस जणांचं जेवण सांगितलेलं एक कुटुंब आलंच नाही, फोनही उचलला नाही. खारं वांगं, वरण, भात सगळं तयार होतं, चाळीस भाकरी टोपलीत होत्या. आम्ही ते सगळं डबे भरून दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना वाटलं. अन्न वाया गेलं नाही. पण त्याच दुपारी दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या दोन कुटुंबांना आम्ही जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं, त्याचं वाईट अजून वाटतं. इसाराची रक्कम शेवटच्या बिलातून पूर्ण वजा होते. आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलंत तर परतही मिळते.

"हॉटेलापेक्षा तुमची भाकरी महाग का?" असंही विचारतात. आम्ही रब्बीची मालदांडी ज्वारी वापरतो, जिला शेतकी लोक एम 35-1 म्हणतात. खरिपातली हायब्रीड स्वस्त मिळते, पण पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि भाकरीला चव राहत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रास झाली की ओळखीच्या शेतकऱ्यांकडून वर्षाची ज्वारी घेऊन ठेवतो आणि दळण दिवसाआड आणतो. पीठ जुनं झालं की विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, मग कितीही कढत पाणी घातलं तरी भाकरी थापताना तुटते. घरी भाकरी तुटत असेल तर हाताला दोष देण्याआधी पीठ किती दिवसांचं आहे ते बघा. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं गेलं, तेव्हापासून पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आवर्जून भाकरी मागू लागले. तेव्हा खर्चाचा हिशेब एकदा मोकळेपणाने सांगावा असं वाटलं. वरणाला निलंग्याकडची बोरसुरीची तूरदाळ असते, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. एकदा चाखून बघा.

तिखटाबद्दल थोडं. आमचा काळा मसाला आणि येसर (आमटीसाठीचं भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घरचं आहे, आमटी आमच्या हिशेबाने मध्यम असली तरी बाहेरच्यांना झणझणीत लागते. सांगितलंत तर वेगळी फिकी आमटी निघते, पण पहिल्या फोनवर सांगा. शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, येसर आणि काळा मसाला पाव किलोच्या पाकिटात काउंटरवर मिळतो. येसराची आमटी कशी करायची ते पाकिटावर लिहिलं आहे.

उपासाच्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी असते. भगर आम्ही अख्खीच आणतो, निवडून धुऊन त्याच दिवशी शिजवतो. भगरीचं तयार पीठ घेत नाही, कारण ते ओलसर हवेत लवकर खराब होतं आणि जुन्या पिठाने विषबाधा झाल्याचं आपल्या भागात दरवर्षी ऐकू येतं. घरीही एवढं पाळा.

दवाखान्यातल्यांसाठी डबा मिळतो. पेशंटला काय चालतं ते डॉक्टरांना विचारून सांगा, मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण नेहमी तयार असतं. या डब्याला दोन फोन लागत नाहीत, आमचा मुलगा दुपारी आणि रात्री दवाखान्याच्या गेटवर ठरल्या वेळी येतो.

ऑफिसला बिल दाखवायचं असेल तर आधीच सांगून ठेवतो: आमची नोंदणी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांसाठीची सोपी पद्धत) आहे. त्यामुळे बिलात जीएसटी वेगळा लावत नाही आणि वेगळ्या जीएसटीचं बिलही देता येत नाही. पक्कं छापील बिल मात्र प्रत्येकाला मिळतं.

नवरात्रात, आश्विनातल्या आणि मार्गशीर्षातल्याही, पहिला फोन निदान दोन दिवस आधी करा. त्या दिवसांत पौर्णिमेला आणि रविवारी सकाळी अकरानंतर नवी नोंद घेत नाही. दुपारी साडेतीन ते साडेसहा चुली बंद असतात, मावशी जेवून आडव्या होतात. त्या वेळेत आलात तर चहा, सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) आणि धपाटे मिळतील, भाकरी नाही. फोन नंबर मागच्या पानावर आहे. दुपारच्या वेळी फोन उचलला गेला नाही तर हाताला पीठ लागलेलं आहे असं समजा आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावा.