हाताला वळण लागत नाही तेव्हा

शाळेच्या शर्टाला सात बटणं. दुसरीत असताना माझ्या मुलाला ती लावायला 11 मिनिटं लागायची. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं होतं. बटण काजात अर्धं शिरायचं, मग तो दुसऱ्या हाताने कापड ओढायचा, तेवढ्यात पहिल्या हातातलं बटण निसटायचं. पुन्हा पहिल्यापासून. आणि हाच मुलगा रिक्षात बसला की शनीभोवतीची कडी कशाची बनली आहेत ते न अडखळता समजावून सांगायचा. घरात आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो. शाळेच्या वहीत शेरा होता, ‘अक्षराला वळण नाही, आळस करतो.’ आठव्या वर्षी डॉक्टरांनी त्या आळसाचं खरं नाव सांगितलं: डिस्प्रॅक्सिया.

ग्रीक भाषेत ‘प्रॅक्सिस’ म्हणजे कृती. ती करताना येणारी अडचण म्हणजे डिस्प्रॅक्सिया. डॉक्टरांच्या कागदावर बहुधा ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ किंवा डीसीडी असं लिहिलेलं असतं; 1994 साली कॅनडातल्या लंडन शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी हे नाव वापरायचं ठरवलं. त्याआधी वैद्यकीय लिखाणातही अशा मुलांना ‘क्लम्झी’, म्हणजे वेंधळी, म्हणण्याची पद्धत होती. शाळकरी वयातल्या सुमारे 5 ते 6 टक्के मुलांमध्ये हे आढळतं. साठ मुलांच्या वर्गात तीन जण. म्हणजे प्रत्येक शिक्षकाने अशी मुलं पाहिलेली आहेत, फक्त ओळखलेली नाहीत.

या मुलांच्या स्नायूंत ताकद असते, नसा शाबूत असतात, बुद्धीही चांगली असते. मग अडतं कुठे? भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की हात कसा झटकन वर जातो, ते आठवा. कळशीला हात लागण्याआधीच मेंदूने वजनाचा अंदाज बांधून स्नायूंना हुकूम सोडलेला असतो. आपली जवळजवळ प्रत्येक हालचाल अशी अंदाजावर चालते, कारण डोळ्यांकडून आणि सांध्यांकडून बातमी येईपर्यंत थांबलं तर उशीर होतो. मेंदू अंदाज बांधतो, प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी तो ताडून पाहतो आणि पुढच्या वेळी सुधारतो. या कामात मानेच्या वरच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. डिस्प्रॅक्सियात हे अंदाज कच्चे राहतात आणि चुकीतून सुधारणाही सावकाश होते, असं आज बरेच संशोधक मानतात. सगळं कोडं यातून सुटत नाही. पण मला मात्र यातून एक गोष्ट लख्ख कळली. इतरांची जी हालचाल आपसूक होते, ती माझ्या मुलाला दर वेळी लक्ष देऊन, डोळ्यांनी पाहून घडवावी लागते. संध्याकाळी तो इतका का दमलेला असतो, ते त्या दिवशी समजलं.

लिहिताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. ‘सूर्य’ लिहायचा तर दुसरा ऊकार खाली, रफार वर, शेवटी शिरोरेघ. हाताला वळण लागलेलं मूल यातल्या कशाचाही विचार करत नाही, त्याचं मन वाक्यात असतं. माझ्या मुलाचं सगळं मन रफारात खर्ची पडतं आणि वाक्य मध्येच हरवतं. तोंडी उत्तर दहा वाक्यांचं, लेखी तीन ओळींचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागणं म्हणजे कुणाची मेहेरबानी मागणं नव्हे, हे पालकांनी मनाशी पक्कं धरावं.

एक सूचना कळकळीने. डिस्प्रॅक्सियाचं मूल पहिल्यापासून मागे असतं. पण जे मूल आधी नीट चालत-पळत होतं आणि आता पडू लागलंय, जिना चढेनासं झालंय, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून उठतंय, त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. तो वेगळाच आजार असू शकतो.

डिस्प्रॅक्सियावर गोळी नाही. ‘अजून सराव कर’ एवढंच म्हणण्याचाही उपयोग नाही, कारण तोच चुकीचा प्रयत्न शंभरदा होतो. उपयोग होतो तो नेमकं जे काम अडतंय तेच हाती घेऊन, त्याचे तुकडे पाडून शिकवण्याचा. कॅनडात तयार झालेल्या एका पद्धतीत मुलाला चार पायऱ्या शिकवतात: काय करायचंय ते ठरव, कसं करशील ते सांग, करून बघ, जमलं का ते तपास. मोठ्यांनी उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचे. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी त्याला विचारलं, “बटण कुठे अडतं?” बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “गळ्याजवळचं मला दिसतच नाही.” त्याने स्वतःच ठरवलं, खालून सुरुवात करायची. खालची चार बटणं दिसतात, ती बिनचूक लागली की कापड सरळ राहतं आणि वरच्यांची काजं समोरासमोर येतात. इतकी वर्षं मी त्याला वरूनच लावायला शिकवत होते.

वय वाढलं की हे जातं, असा समज होता. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक जणांच्या अडचणी मोठेपणीही राहतात, फक्त त्यांची जागा बदलते. पोळी लाटताना एक हात दाब देतो, दुसरा फिरवतो आणि मध्येच तव्याकडे लक्ष. गाडी चालवताना क्लच, गिअर आणि आरसा एकदम. असे लोक मग आपापल्या वाटा काढतात: गिअर नसलेली स्कूटर, किल्ल्यांची एकच ठरलेली जागा, हाताने लिहिण्याऐवजी टायपिंग. जे टाळता येत नाही त्याची धास्ती मात्र मनात घर करते.

मुलाचा अहवाल आला त्या रात्री नवरा तो दोनदा वाचत बसला होता. तो चहाचा कप कायम अर्धाच भरतो. लग्नात त्याने वाढपी व्हायचं नेहमी टाळलं. सासूबाई सहज म्हणाल्या, “अगं, हाही असाच होता. सायकल शिकवताना याच्या बाबांनी किती मारलंय याला.” ती सायकल त्याला कधीच आली नाही.

मुलाला सायकल शिकवायची तर आधी पेडलं काढा, असं ताईंनी सांगितलं. सीट इतकी खाली घ्यायची की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, आणि पायांनी ढकलत जायचं. आधी नुसता तोल, पेडल मारणं नंतर. गेल्या रविवारी मैदानावर तो पाय उचलून सात-आठ फूट गेला. नवरा त्याच्या मागून येत होता. आमच्याकडे सध्या दोन सायकलींची पेडलं काढलेली आहेत.