आधी वजाबाकी, मग लेझर

तासगावच्या द्राक्षबागेत औषध मारताना चष्म्यावर तुषार बसतात आणि पुसायला हात मोकळा नसतो. त्यालाच कंटाळून माझा भाचा सांगलीला आला. "मामा, नंबर घालवायचाय. लॅसिक करू की स्माइल?" लेझरने चष्म्याचा नंबर घालवायच्या या दोन पद्धती. नंबर उणे सहा, वय वीस.

म्हटलं, आधी वजाबाकी कर.

बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक चकती म्हणजे कॉर्निया. मध्यभागी जाडी साधारण 540 मायक्रॉन, जेमतेम अर्धा मिलिमीटर. उणे नंबरात प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच जुळते. लेझर कॉर्नियाचा मधला भाग तासून जरा सपाट करतो आणि ती मागे सरकते. एका नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन जातात. पंधराने धरले तर सहाचे 90. लॅसिकमध्ये त्याआधी वरची सुमारे 110 मायक्रॉनची झडप कापून उघडतात. ती परत बसवली तरी ताकदीच्या हिशेबात धरत नाहीत. 540 वजा 200, उरले 340. किमान 250 उरावेच लागतात, बरेच डॉक्टर 300 धरतात. भाच्याची जाडी एवढी भरली तर जमलं. 480 निघाली तर उरतील 280, आणि अनेक डॉक्टर लॅसिकला नकारच देतील.

तासणारा हा एक्सायमर लेझर भाजत नाही. 1981 साली आयबीएममध्ये रंगस्वामी श्रीनिवासन यांनी तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर चालवून पाहिला, तेव्हा काप स्वच्छ आला, कडा करपल्या नाहीत. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा उगम उरलेल्या मांसात, हे मला अजून गमतीचं वाटतं.

पीआरके ही तिसरी पद्धत, तिच्यात झडपच नसते. वरचा नाजूक थर काढून थेट लेझर मारतात. जाडी वाचते, पण तीन-चार दिवस डोळा चांगलाच झोंबतो आणि नजर बसायला आठवडे लागतात. स्माइलमध्ये दुसरा, फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आतच पातळ चकती कापतो आणि डॉक्टर ती दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. चकतीची जाडी जातेच, त्यामुळे वजाबाकी इथंही चुकत नाही. पण मार लागून झडप सरकायची भीती नाही. बागेत वाकून काम करणाऱ्याला हे महत्त्वाचं.

"डोळे चोळतोस का रे?"

"फवारणीच्या दिवसांत चोळतोच की."

मग जाडीबरोबर कॉर्नियाच्या आकाराचा नकाशाही नीट बघायला हवा. चोळणाऱ्यांत कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा धोका जास्त असतो, आणि तसा कॉर्निया तासला तर आणखी ढासळतो.

"आणि गेल्या दिवाळीत नंबर किती होता?"

"साडेपाच."

म्हणजे अजून वाढतोय. निदान वर्षभर तरी तो एका जागी थांबू दे, असं सांगून त्याला तासगावच्या एसटीत बसवलं.