रोपाआधी पाणी

खाडीकाठी मोकळा चिखल दिसला की तिथे कांदळाच्या, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडाच्या, शेंगा रोवायच्या, असं अनेक ठिकाणी चालतं. फिलिपाइन्समध्ये अशा मोठ्या लागवडीतली दीर्घकाळ जगलेली रोपं जेमतेम 10 ते 20 टक्के निघाली. चुकली ती मुख्यतः जागा.

कांदळवन साधारण सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाच्या भरतीची रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात वाढतं. त्याखालचा चिखल फार वेळ पाण्यात असतो. तिथे कोवळ्या रोपाला पुरेशी हवा मिळत नाही, लाटा त्याला हलवतात आणि अंगावर बार्नकल (चिकटून राहणारे कवचधारी जीव) चढले की त्या वजनाने ते आडवं होतं. तो चिखल काही ओसाडही नसतो. शिंपल्या, निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) आणि थंडीतले पाहुणे पाणपक्षी त्यावरच जगतात.

म्हणून आधी जमिनीची उंची मोजावी. जवळच्या निरोगी तिवरांच्या (तिवर हे कांदळवनातलंच एक झाड) बुंध्यापासून नियोजित जागेपर्यंत गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी धरून, टप्प्याटप्प्याने खुंट्या मारत जावं. उंची जुळते, तरी झाडं नाहीत? मग भरतीचं पाणी कुठे अडलंय ते शोधा: रस्त्याच्या भरावाखालचा अरुंद पाइप, गाळाने भरलेला नाला, बंद पडलेली उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार). तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं भरतीत बुडतात नि ओहोटीत हवा घेतात. पाणी आठवडेच्या आठवडे साचलं तर मोठं झाडही गुदमरतं.

रायगडात खारबंदिस्तीला, म्हणजे समुद्राचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाला, खांड पडली की भातशेतीत खारं पाणी शिरतं आणि काही वर्षांत तिथे न लावता तिवर माजतो. शेतकऱ्याचं नुकसान फार मोठं आहे, ते नजरेआड करून चालणार नाही. पण बी पाण्याबरोबर येतं, हे तिथे स्वच्छ दिसतं.

आसपास बी देणारी झाडंच नसतील, तरच लागवड करावी. कांदळाची शेंग पिकली की टोपीखाली पिवळसर कडं दिसतं आणि ती हलक्या हाताने सुटते. टोकदार बाजू खाली धरून साधारण एक तृतीयांश लांबी चिखलात रोवावी, दोन शेंगांत दीड मीटर अंतर ठेवावं. महाराष्ट्रात कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे, त्यामुळे अडलेल्या पाण्याला वाट द्यायला चर खणण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाला विचारावं. पुढे पहिली दोन-तीन वर्षं उधाण ओसरलं की रोपांत अडकलेलं प्लास्टिक नि जाळ्यांचे तुकडे काढत राहावं. कोवळा शेंडा त्याखालीच दबतो.