दोन काटे, एक वही

गाळप हंगामात निपाणी-चिकोडीकडून रात्री जाणाऱ्याला कारखान्याच्या दारातली उसाच्या ट्रॅक्टरांची रांग नवी नाही. दोन वजनकाटे असले की गेटवरचा माणूस हात करून ओरडतो, “तू हिकडं, तू तिकडं!” वेबसाइटच्या दारातही असा एक गडी असतो. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात.

दहावीच्या निकालादिवशी हजारो मोबाइल एकाच पत्त्यावर धडकतात, पण त्या पत्त्यामागे सर्व्हर, म्हणजे मागितलेलं पान पुरवणारे संगणक, बरेच असतात. बॅलन्सर कधी पाळीपाळीनं काम वाटतो, कधी ज्याच्याकडे कमी तुंबलंय त्याला देतो. एका काट्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्यावर बैलगाडी असेल, तर नुसती पाळी पुरत नाही.

खरी गोम वहीत आहे. उसाच्या गाडीचं वजन दोनदा होतं : आत येताना भरलेली, आणि गव्हाणीत ऊस टाकून परतताना रिकामी. वजाबाकी म्हणजे ऊस. (काटामारीची तक्रार हा वेगळा विषय!) भरलेलं वजन पहिल्या काट्याच्याच वहीत राहिलं आणि तो काटा मध्येच बंद पडला, तर दुसरा काटा कितीही चोख असून काय उपयोग? तुम्ही लॉगिन करून अर्ज अर्धा भरलात आणि ती नोंद एकाच सर्व्हरच्या पोटात असली, तर तो पडल्यावर दुसरा तुम्हाला ओळखतच नाही. म्हणून ही वही सगळ्या सर्व्हरांना वाचता येईल अशा वेगळ्या जागी ठेवतात.

आता सर्व्हर पडला हे कळतं कसं? बॅलन्सर हाका मारत राहतो. एचएप्रॉक्सी या मोफत प्रोग्रॅममध्ये ही तपासणी चालू केली, की मूळ सेटिंगनुसार दर 2 सेकंदांनी हाक जाते. लागोपाठ 3 हाका चुकल्या की सर्व्हर बाद, सलग 2 हाकांना ओ दिली की पुन्हा कामावर. बाद झालेल्याचं काम दुसऱ्यानं उचलायचं, हा फेलओव्हर. पण दोन सर्व्हर प्रत्येकी 70 टक्के भरलेले असताना एक गेला, तर उरलेल्यावर 140 टक्के येतात आणि तोही झोपतो. असल्या जोडीला राखीव व्यवस्था म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

हाकेचा अर्थही चुकू शकतो. 4 ऑक्टोबर 2021 रोजी देखभालीच्या एका आदेशामुळे फेसबुकच्या डेटा सेंटरांना, म्हणजे सर्व्हरांच्या कोठारांना, जोडणारं जाळं तुटलं. कंपनीचे पत्ते सांगणारे डीएनएस सर्व्हर धडधाकट होते. पण डेटा सेंटरशी बोलणं होईना, म्हणून आपलीच जोडणी बिघडली असं धरून त्यांनी नियमाप्रमाणे इंटरनेटवर जाहीर केलेला आपल्याकडे यायचा रस्ता मागे घेतला. फेसबुक, व्हॉट्सॲप सुमारे सहा तास गायब! जाळं जुळल्यावरही इंजिनिअरांनी सगळी गर्दी एकदम आत घेतली नाही. डेटा सेंटरांचा वीजवापर कित्येक मेगावॉटनी उतरला होता. तो एका झटक्यात वर गेला असता तर वीजयंत्रणाच धोक्यात आली असती. म्हणून एकेक सेवा हळूहळू, बेतानं सुरू केली.