परळचं केईएम आणि देणगीतली एक अट

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचं शिक्षण देणारं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली भायखळ्याला सुरू झालं. त्याला जोडूनच जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या आधारावर. भाऊ दाजी लाड हे इथल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. म्हणजे हिंदी, म्हणजेच भारतीय, माणूस डॉक्टर होऊ शकतो, हे लवकरच सिद्ध झालं होतं. तरी पुढची कित्येक दशकं प्राध्यापकीच्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी वैद्यकीय सेवेच्या अधिकाऱ्यांकडेच राहिल्या, आणि ते बहुतेक गोरे असत. हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. शिकवणाऱ्या रुग्णालयात वॉर्ड ज्याच्या हाती, ऑपरेशनचा निर्णयही त्याच्याच हाती. ज्याला वॉर्ड मिळत नाही त्याचा हात कसा तयार होणार?

ही कोंडी फोडली ती एका देणगीच्या कागदानं. गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी मेडिकल कॉलेजसाठी पैसे देऊ केले, पण अट घातली: शिकवणारे सगळे हिंदी असावेत, सरकारी सेवेतले नसावेत. मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात मला याहून महत्त्वाची ओळ आठवत नाही. दुसरीकडे सातव्या एडवर्ड राजाच्या स्मरणार्थ महापालिकेचं रुग्णालय व्हायचं होतं. दोन्ही गोष्टी परळला एकत्र आल्या आणि १९२६ साली जी. एस. मेडिकल कॉलेज व केईएम, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल, रुग्णालय सुरू झालं. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. ते स्वतः ग्रँट कॉलेजचे विद्यार्थी, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

जागा परळची, हेही महत्त्वाचं. आजूबाजूला गिरण्या आणि चाळी. कामगाराला उपचार हवे होते, विद्यार्थ्याला शिकायला रुग्ण हवा होता. या गरजेवरच अशी रुग्णालयं चालतात. ओपीडीत केस पेपर काढायचा, ज्या युनिटचा, म्हणजे डॉक्टरांच्या तुकडीचा, दिवस असेल त्या युनिटकडे जायचं. रात्रभर जागणारा असतो रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेत वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर. सकाळी राउंडला येतात युनिटचे प्रमुख, आणि त्यांच्याबरोबर खाटेभोवती विद्यार्थ्यांचं कडं. खासगीत ज्यांची फी परवडली नसती असे सर्जन अनेक वर्षं ऑनररी (मानद) म्हणून, जवळजवळ फुकट, इथे येत. पण त्या कड्यातला रुग्ण उघडा पडलेला असतो, संकोचलेला असतो. त्याच्या दुखण्यावर शिकून पिढ्या डॉक्टर झाल्या, हे ऋण आपण फार क्वचित बोलून दाखवतो.

याच वॉर्डांतून १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांतच दगावला, पण तो प्रयत्न महापालिकेच्या रुग्णालयात झाला होता. १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून इथेच टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली.

१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. केईएमची रांग मात्र आटली नाही. कोकणातून रात्रीच्या गाडीनं निघालेली, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं एक्स-रेची पिशवी छातीशी धरून पहाटेच केस पेपरच्या खिडकीसमोर बसलेली असतात.