व्हायरल आजारानंतर रेंगाळणारा त्रास : कोणाला धोका जास्त

ताप उतरला, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी थकवा, धाप, सांधेदुखी, झोप नीट न लागणं, डोकं न चालणं हे महिनोन् महिने चालूच राहतं, तो हा त्रास. कोविडपुरती जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या केली, साधारण ३ महिन्यांनंतरही असलेली, निदान २ महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने समजावता न येणारी लक्षणं म्हणजे लाँग कोविड. पण हे प्रकरण कोविडच्या आधीपासूनचं आहे, ग्लँड्युलर फीव्हर (घसा दुखून मानेतल्या गाठी सुजवणारा व्हायरल ताप), चिकुनगुन्या, इबोला यांच्यानंतरही असंच होतं.

धोका ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा आजार किती जोराचा होता. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागात २५३ पेशंट्सचा पाठपुरावा केला होता, त्यात ग्लँड्युलर फीव्हर, रॉस रिव्हर व्हायरस (डासांमुळे होणारा, सांधे दुखवणारा) आणि क्यू फीव्हर (जनावरांपासून येणारा, हा मात्र बॅक्टेरियाचा) असे तीन वेगवेगळे आजार होते, तरी ६ महिन्यांनी साधारण १२ टक्के लोकांना थकवा होताच, आणि तो कोणाला राहील हे वय किंवा मानसिक स्वभावावरून नाही तर पहिल्या आजाराच्या तीव्रतेवरून जास्त कळलं. २००६ सालचा हा निष्कर्ष, तरी अजून पेशंटला "मनाचे खेळ आहेत, विचार करू नका" असं सर्रास ऐकवलं जातं, हे फार अन्यायाचं आहे.

कोविडमध्ये आयसीयूत राहिलेल्यांना धोका जास्त, पण घरीच बरे झालेलेही यात भरपूर सापडतात. पहिल्याच आठवड्यात पाचपेक्षा जास्त लक्षणं असली तर शक्यता वाढते. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. वजन जास्त, स्मोकिंग, दमा, डायबिटीस, आधीपासूनचं डिप्रेशन याही गोष्टी आहेतच, मात्र डिप्रेशनने धोका वाढतो म्हणजे त्रास खोटा असं अजिबात नाही. लस घेतलेल्यांमध्ये प्रमाण कमी, शून्य नाही.

चिकुनगुन्यात वाढतं वय, आधीपासूनची सांधेदुखी आणि सुरुवातीलाच सांधे खूप दुखणं हे महत्त्वाचं.

एक गोष्ट ओळखायला हवी, माणूस सकाळी बरा असतो म्हणून कपडे धुतो, दोन जिने चढतो, त्या दिवशी काही होत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठवत नाही. अशांना "जोर लावून व्यायाम करा" सांगितलं की त्रास वाढतो.

वर सांगितलेल्या धोक्याच्या गोष्टींपैकी काहीच नसलेल्या धडधाकट माणसालाही हे होतं, त्यामुळे नुसत्या त्यांवरून ठरवत नाहीत, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर तपासून दुसरं कारण नाही ना हे आधी बघतात.