‘हेतू नव्हता’ आणि ‘जीव वाचवायला मारलं’: खुनाच्या केसमध्ये कोर्ट काय बघतं
(आमच्या पक्षकारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

फोर्टच्या आमच्या ऑफिसात आरोपीच्या घरचे येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं, साहेब त्याचा मारायचा हेतू नव्हता. खरंही असेल, पण नुसतं म्हणून कोर्टात भागत नाही, म्हणून हा कागद घरी नेऊन शांतपणे वाचा.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागते. खुनाचं जुनं कलम ३०२ म्हणजे आता १०३, शिक्षा तीच, फाशी किंवा जन्मठेप.

मनात काय होतं ते कोणी बघितलेलं नसतं, त्यामुळे कोर्ट ते बाकीच्या गोष्टींवरून काढतं, म्हणजे हत्यार घरून आणलं की तिथेच हाताला लागलं, वार मांडीवर की पोटात, किती वार, आधी धमकी दिली होती का, आणि नंतर माणूस पळाला की जखमीला रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेला. ‘एकच तर वार होता’ यावर फार भरवसा ठेवू नका. १९५८ च्या विरसा सिंग केसमध्ये भाल्याचा एकच वार होता तरी खूनच धरला, कारण ती जखम मुद्दाम केलेली होती आणि तशा जखमेने माणूस सहसा मरतोच, एवढं पुरलं. आपल्या मुंबईचीच नानावटी केस घ्या, नौदलातल्या या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या होत्या, अचानक राग आला हा बचाव सुप्रीम कोर्टाने १९६१ ला मानला नाही, कारण मधे साधारण तीन तास गेले होते, बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडून त्यांनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणलं होतं.

आता स्वसंरक्षण, कलम ३४ ते ४४. समजा नळावरच्या भांडणात एकाने तुमच्या मुलाच्या डोक्यावर रॉड उगारला, मुलाने तो हिसकावला आणि घाबरून उलटा मारला, तो माणूस गेला, तर हा हक्क मिळू शकतो, पळून जायला पाहिजे होतं असं कायदा म्हणत नाही आणि त्या क्षणी किती जोरात मारलं हे सोनाराच्या काट्यावर तोलत नाहीत. पण समोरचा पळायला लागला आणि मुलाने गल्लीच्या टोकापर्यंत पाठलाग करून पाडून मारलं तर धोका संपलेला असतो, तिथे हक्कही संपतो. मधली परिस्थितीही असते, वैर न धरता, आधी न ठरवता, बचाव करतानाच हात जास्त चालला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा हलका गुन्हा, होऊ शकतो, कलम १०५.

बचाव दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, पण सरकारी वकिलाइतकं पक्कं सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असण्याची शक्यता जास्त वाटली तरी चालतं, आणि ती सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही दाखवता येते.

आम्हाला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती मेडिकलची. मुलाच्या अंगावर मार असतो आणि कागदावर काहीच नसतं! अटकेनंतर डॉक्टरी तपासणी होते तेव्हा प्रत्येक जखम, अगदी हातावरचा ओरखडासुद्धा डॉक्टरला दाखवून लिहून घ्यायला सांगा, कारण आरोपीच्या मोठ्या जखमांबद्दल सरकारी साक्षीदार गप्प असतील तर त्यांच्याच साक्षीवर शंका येते, हे सुप्रीम कोर्टाने १९७६ च्या लक्ष्मी सिंग केसमध्ये सांगितलंय. रक्ताचे कपडे धुवू नका, साक्षीदाराला समजवायला जाऊ नका, आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं म्हणून ते जपायला लगेच लेखी अर्ज करू.

येताना एफआयआरची कॉपी, अटकेचे कागद, मेडिकल आणा. फी झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तो अर्ज आम्हीच भरून देतो.